चोर आला, टीव्ही ठेवून गेला

"काकू, मागच्या गल्लीत घर फोडलं. मंडळी गावाला गेली होती, परवा रात्री टीव्ही नेला."

काकू मधल्या भिंतीवर परात ठेवून मोड आलेले वाल सोलत होत्या. मान वरही न करता म्हणाल्या, "टीव्ही होय? येईल परत."

"असा कधी येतो का?"

"सुर्व्यांचा आला होता की! नारायण सुर्व्यांचा. जुलै 2024 मध्ये, नेरळला."

"आपल्या नेरूळला? कुठल्या सेक्टरला?"

"नेरूळ नव्हे गं, नेरळ! माथेरानच्या पायथ्याचं. तूही कुरिअरवाल्यासारखंच करतेस. सुर्वे मास्तर 2010 मध्ये गेले. शेवटची वर्षं त्यांचा मुक्काम नेरळलाच. मागे लेक-जावई राहायचे. ते आपल्या मुलाकडे गेले, घराला कुलूप. चोरानं एका खेपेत सामान हलवलं, टीव्हीसुद्धा. उरलंसुरलं न्यायला पुन्हा आला, तर समोर मास्तरांचा फोटो. ओळखलं त्यानं! टीव्ही परत आणून ठेवला आणि भिंतीवर चिठ्ठी डकवली, की घर कुणाचं ते ठाऊक नव्हतं, ठाऊक असतं तर हात लावला नसता, माफी असावी. पेपरात आलं होतं सगळं. पोलीस बिचारे टीव्हीवरचे ठसे घेत बसले."

"चोर कविता वाचतो म्हणजे कमालच झाली."

"का? आपल्या गल्लीत कोण वाचतं, सांग बघू."

मी मुकाट्यानं मूठभर वाल सोलायला घेतले. काकू लालबागच्या. 1982 च्या संपात यजमानांची गिरणी सुटली, तेव्हा बिऱ्हाड खाडी ओलांडून इकडं आलं. सुर्व्यांचा विषय निघाला की त्या कवीबिवी म्हणत नाहीत, मास्तरच म्हणतात.

"आणि का नको म्हणू? कृष्णाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, आपल्या पुस्तकाला नाव काय दिलं? ‘मास्तरांची सावली’! 98 मध्ये पद्मश्री मिळाली, 95 साली परभणीच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, पण घरात मास्तर ते मास्तर. मास्तरकीसुद्धा सरळ नाही मिळालेली. म्युनिसिपालिटीच्या शाळेत आधी शिपाई होते. मग सातवीच्या परीक्षेला बसले आणि मग मास्तर झाले. घंटा देणारा माणूस फळ्यासमोर उभा राहिला, बघ."

"ते गिरणीत होते ना?"

"गिरणीत होते, हॉटेलात पोऱ्या होते, लोकांच्या घरी घरगडी होते. अगं, रस्त्यात टाकलेलं मूल ते. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगारानं उचलून घरी आणलं. त्याची बायको काशीबाई कमला मिलमध्ये कामाला. त्याच मिलच्या आवारात आता दोन माणसांच्या जेवणाला आमच्या वेळचा महिन्याचा पगार जातो, ते सोड. दोघांनी पोराला नाव दिलं, चौथीपर्यंत शिकवलं. पुढं गंगाराम रिटायर होऊन कोकणात गेले, जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले."

"दहा रुपये देऊन सोडून गेले?"

"तुला ते दिसलं. मला नाव दिसतं." काकूंनी सोललेली डाळिंबी माझ्यासमोर धरली, जणू पुरावाच. "त्यांची ती कविता आहे ना, एक बाई पोराला शाळेत घालायला आणते. धंदा करणारी बाई. बापाच्या रकान्यापाशी गाडी अडते, तर ती मास्तरांनाच सांगते, तुमचंच घाला. लोक म्हणतात, काय धीट कविता! मला धीटबिट काही वाटत नाही. ज्याच्या स्वतःच्या रकान्यात एका परक्या माणसानं आपलं नाव घातलं, त्याला ती बाई बरोब्बर भेटली, इतकंच. आता 1 मे 2024 नंतरच्या बाळांना आईचं नाव आधी, मग बापाचं, असा नियम केलाय सरकारनं. त्या बाईला तेवढ्यानं भागलं असतं."

"आणि कृष्णाबाई?"

"त्याही पोरक्याच, आजीनं वाढवलेल्या. पळून जाऊन लग्न केलं. आईबापाविना वाढलेली दोन माणसं, संसार कसा करतात ते पाहायलासुद्धा मिळालं नसेल धड. तरी मास्तर जाईपर्यंत टिकवला. तुमच्या पिढीत सासू जरा मोठ्यानं बोलली की वकील शोधता."

"काकू, ते पुस्तक आहे का तुमच्याकडे? मला द्या ना."

"होतं. कोपऱ्यावरच्या बाईंनी गेल्या गणपतीत नेलं. अजून पुस्तक नाही, चिठ्ठीसुद्धा नाही."