क्लबहाऊस, दहा बाय बारा

२ ऑगस्ट २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की या चौघींनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असं हरवून लॉन बोल्सचं सुवर्णपदक मिळवलं. त्या रात्री साकीनाक्याच्या आमच्या मंडळात एकच विषय निघाला : हा खेळ आपल्याकडे का नाही? कॅरमच्या बोर्डाभोवती निघालेल्या प्रश्नाचं उत्तर ज्याची पाळी नसेल त्यानं शोधायचं, असा रिवाज आहे. मी मोबाइल काढला.

खेळ कळायला सोपा. लांबवर एक छोटा चेंडू असतो, त्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला सव्वा-दीड किलोचा चेंडू घरंगळत न्यायचा. गंमत अशी, की हा मोठा चेंडू मुद्दामच एका अंगाला जरा वेगळ्या गोलाईचा घडवतात, त्यामुळे तो सरळ जातच नाही. ‘खैरानी रोडला माझी रिक्षा तशीच जाते,’ असं एक सभासद म्हणाले. उत्साह वाढला. मग मी मैदानाचं माप वाचलं : हिरवळीची लांबी ३१ ते ४० मीटर.

खजिनदारांनी बोटांवर हिशेब मांडला. चाळीस गुणिले चाळीस, सोळाशे चौरस मीटर. झोपडपट्टी पुनर्वसनात आता एका कुटुंबाला ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर मिळतात. ‘सत्तावन्न घरं! नुसत्या तळमजल्यावर!’ एवढी जमीन माणसं चेंडू घरंगळवायला मोकळी ठेवतात आणि तिच्यावर कुणी रातोरात पत्रे ठोकत नाही, हे ऐकून सगळे गार पडले. विषय तिथंच संपला.

तिकडे आधी हिरवळ येते, मग तिच्या कडेला क्लबहाऊस. आमच्याकडे आधी खोली आली आणि मग खोलीत मावेल तो खेळ. खोली दहा बाय बारा, पत्र्याची, गणपतीचं मखर ठेवायला ‘तात्पुरती’ उभारलेली. मुंबईत तात्पुरत्या गोष्टींइतकं टिकाऊ काही नाही. मखर वर्षातले अकरा महिने कोपऱ्यात उभं, उरलेल्या जागेत एकोणतीस इंची कॅरम, त्याच्यावर पत्र्याची टोपी घातलेला दोनशेचा बल्ब. वीज शेजारच्या इस्त्रीवाल्याची. त्याची कपड्यांची घाई असली की आमची राणी अंधारात कव्हर व्हायची, आणि ती नक्की कुणी घेतली यावर दिवाळीपर्यंत वाद चालायचे.

आसपासच्या गाळ्यांमध्ये लेथवर काम करणारी मंडळी पाळी सुटली की थेट बोर्डावर येत. हाताला ऑइल. रात्रीच्या शेवटी पांढऱ्या नऊ आणि काळ्या नऊ सोंगट्यांत फरक उरत नसे. बोरिक पावडर मात्र वर्गणीतून यायची आणि जमाखर्चात ‘औषधोपचार’ या सदरात पडायची.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा खोली बुडाली आणि बोर्ड तरंगला. उन्हात वाळवल्यावर तो जरासा वाकला. तेव्हापासून डाव्या कोपऱ्यातून सोडलेला स्ट्रायकर गोलाई घेत उजवीकडे जायचा. म्हणजे बघा, बर्मिंगहॅमच्या सतरा वर्षं आधी साकीनाक्यात लॉन बोल्स सुरू झालं होतं, फक्त लॉन नव्हतं. बाहेरचे संघ यायचे, नेम धरून मारायचे आणि हतबुद्ध होऊन परत जायचे. घरच्या बोर्डावर आम्ही अजिंक्य होतो. बाहेर कुठेही गेलो की पहिल्या फेरीत घरी.

२०१४ च्या जूनमध्ये मेट्रो सुरू झाली आणि इतकी वर्षं कुणालाच न दिसलेली आमची वस्ती बिल्डरला एकदम दिसू लागली. सर्वेक्षण आलं. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा दाखवा, म्हणाले. मंडळापाशी कागद एकच, तोही पितळी : ‘कॅरम दुहेरी, उपविजेते, १९९४’ असं कोरलेला चषक. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘कुटुंबप्रमुख कोण?’

तिघांनी हात वर केले.

मंडळ अपात्र ठरलं, सभासद पात्र. नव्या इमारतीत नियमाप्रमाणे बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटीचं कार्यालय आलं. कॅरमचा उल्लेख कुठल्याच नियमात नाही, त्यामुळे तो कार्यालयात आला. दारावर नोटीस आहे : ‘येथे कॅरम खेळण्यास सक्त मनाई. आदेशावरून, सेक्रेटरी.’ सेक्रेटरी माझे दुहेरीतले जोडीदार. रात्री नऊला ते दार लावून घेतात. नोटीस बाहेरच्या बाजूला असल्यामुळे खेळताना ती कुणाला दिसत नाही.

बोर्ड नवा आहे, गुळगुळीत, पाणसळीत, आणि तिथंच घोळ झाला. स्ट्रायकर सरळ जातो. कॉलेजातली पोरं आम्हां जुन्या अजिंक्यवीरांना पाच बोर्डांत गुंडाळतात. बोर्डाच्या एका पायाखाली घडी घातलेला पेपर ठेवावा, अशी सूचना मी गेल्या सर्वसाधारण सभेत मांडली. सेक्रेटरींचा मनातून पाठिंबा होता. पण कार्यालयात कॅरम नाहीच, मग त्याच्या पायाची नोंद इतिवृत्तात कशी घ्यायची, असा पेच त्यांनी काढला. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.