मुक्काम गिरणीची गल्ली

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी "कन्नड" म्हणतो आणि समोरचा कौतुकाने म्हणतो, "पण मराठी छान बोलता हो तुम्ही!" मग आधी भाषेचा खुलासा, नंतर जिल्ह्याचा. तेवढ्यात चहा निवतो.

गावाची ही गत, तर गल्लीचं काय विचारता! कोपऱ्यावर निळी पाटी आहे. तिच्यावर एका थोर पुरुषाचं नाव आणि पुढे 'नगर'. घरं मोजून चौदा. पाटीखाली बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना मी ते नाव सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "कुठंशी आलं हो ते?"

आमची गल्ली म्हणजे गिरणीची गल्ली. गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली, तिथे आता मोबाइलला कव्हरं बसवून मिळतात. पण मला अजून तो फटफटणारा पट्टा ऐकू येतो, आणि भुवयांपर्यंत पांढरा झालेला गिरणीवाला दिसतो. रांगेतल्या प्रत्येक बाईची ताकीद एकच : बाजरीवर माझे गहू टाकू नको! तो "नाही हो काकू" म्हणायचा आणि टाकायचा. पोळ्या काळपट झाल्या की आईला कळायचं, आपल्या आधी कुणाचा डबा होता ते.

नावांचंही असंच दळण चालतं. आमच्या जिल्ह्याच्या गावाचंच बघा : मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी, तिचं औरंगाबाद झालं, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. पण पाळूत मागचं पीठ थोडं राहतंच. आमचे एक शेजारी परवा म्हणाले, "संभाजीनगरला चाललोय, औरंगाबादहून काही आणायचंय का?"

सगळ्यात चिवट नाव मात्र आमच्या घाटाचं. चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट. जेम्स औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी १८२५ मध्ये खानदेशात आला, त्याने भिल्लांची पलटण उभारली, पुढे १८५७ च्या धामधुमीत लखनौला लढला. साहेब गेला, साहेबाचं राज्य गेलं, आणि १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याच्या नावातही गौताळ्याला चिकटून औट्रम घाट हजर! कोलकात्यातही हुगळीच्या काठी एक औट्रम घाट आहे. त्या घाटाला नाव लागते, आमच्या घाटात गाडी लागते. आजीला तर हा औट्रम शेवटपर्यंत कुठलासा 'राम' वाटायचा. पहिलं वळण आलं की एका हातात लिंबू धरून ती दुसरा हात कपाळाला लावायची.

मागच्या महिन्यात पार्सलवाल्या पोराचा फोन आला. "काका, पाटीखालीच उभा आहे, पण तुमचं नगर कुणालाच माहीत नाही."

"गिरणीची गल्ली विचार."

"मग तसं लिहायचं ना! माझी मावशी तिथंच राहते."

दोन मिनिटांत तो दारात. खोकं जड होतं, दोघांनी मिळून आत घेतलं. बायकोने हौसेने मागवलेली घरघंटी होती ती. मी अजून थर्माकोल काढतोय तोवर शेजारच्या काकू डबा घेऊन उंबऱ्यात उभ्या.

"गहू आहेत हं. बाजरीवर टाकू नका."