मीपणाचा आरोप आणि इंग्रजी सहायक क्रियापदे

मु. लेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप आई-बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

अंबाजोगाईहून आलेल्या पत्रात नऊ वर्षांच्या नातवावर मीपणाचा जो आरोप ठेवण्यात आला आहे, म्हणजे फोनवर तो 'मी जेवलो, मी हात धुतले, मी आता झोपतो' असे प्रत्येक वाक्यात 'मी' घालून बोलतो आणि एवढ्या वयात इतका अहंकार बरा नव्हे, त्याची या घराने रीतसर छाननी केली असून, दोष नातवाचा नसून इंग्रजी वाक्यरचनेचा आहे, असे तीतून निष्पन्न झाले आहे.

मराठीत 'जेवलो' एवढे म्हटले तरी कोण जेवले ते क्रियापदाच्या शेवटावरून कळते, त्यामुळे सर्वनाम, म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द, एरवी घरातच बसून राहते आणि मुद्दाम बाहेर काढले की त्यात दुसऱ्या कोणाशी तरी तुलना असते. 'मी जेवलो' हे वाक्य ऐकताच दुसरे कोणीतरी उपाशी आहे, अशी शंका आजीला यावी हे व्याकरणदृष्ट्या योग्यच आहे. इंग्रजी क्रियापद मात्र भूतकाळात बहुधा सर्वांसाठी एकच रूप धारण करीत असल्यामुळे तेथे कर्ता उच्चारावाच लागतो, इतका की पाऊस पडला तरी 'इट' नावाचा एक बिनकामाचा कर्ता नेमला जातो, आणि 'आय' हे सर्वनाम तर वाक्याच्या मध्यभागीही मोठ्या अक्षरातच लिहिले जाते. ज्या मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे 1188 साली, विवेकसिंधु हा अद्वैतपर ग्रंथ रचला असे परंपरा मानते, त्यांची समाधी असलेल्या अंबाजोगाईला हे रुचू नये, हे समजण्यासारखे आहे.

खरी मौज 'पण' किंवा 'परंतु' यांनी जोडलेल्या विरोधदर्शक वाक्यांत दिसते, कारण तेथे सर्वनामाच्या जोडीला कॅन, मे, मस्ट, विल यांसारखी सामर्थ्य, परवानगी, कर्तव्य किंवा निश्चय दाखविणारी सहायक क्रियापदे येतात. 'आय कॅन स्विम, बट ही कान्ट' या वाक्यात दुसऱ्या वेळी पोहणे गळून पडते आणि सगळा विरोध एका सर्वनामावर व एका सहायक क्रियापदावर उभा राहतो. मराठीत 'मला पोहता येतं, त्याला नाही' असे म्हटले की पोहणेही जाते, येणेही जाते, क्रियापदाच्या जागी उरते ते फक्त 'नाही'. शिवाय येथे माणूस कर्तेपणाचा दावाच करीत नाही, कला त्याच्याकडे 'येते' आणि तो चतुर्थीत नम्रपणे उभा असतो. आजोबांचे 'माझ्याने आता चालवत नाही' हे तर त्याहून पुढचे, कारण ज्याला मराठी व्याकरण शक्य क्रियापद म्हणते त्यात सामर्थ्य क्रियापदाच्या पोटातच असते आणि वेगळा मदतनीस ठेवावा लागत नाही. इंग्रजी मदतनीस वर चोरपावलांचा आहे, कारण होकारार्थी 'कॅन' बोलताना आखडून 'कन' होतो आणि नकारार्थी 'कान्ट' ठणकावून उच्चारला जातो, म्हणून या घरातील वडीलधाऱ्यांनी 'कॅन' असे स्पष्ट व भरदार म्हटले की शेजाऱ्यांना तो नकारच वाटतो.

स्पीकरफोनवर या वाक्यांचा आणखी एक घोळ होतो. इंग्रजीतील 'ही' हा पुरुष असतो आणि मराठीतील 'ही' बाई. इंग्रजीतील 'शी' ही स्त्री असते आणि मराठीत ते किळस दाखविणारे केवलप्रयोगी अव्यय. इंग्रजीतील 'मी' कर्म असते आणि मराठीतील कर्ता. त्यामुळे आई-मुलातील 'शी कॅन, बट ही कान्ट' हे वाक्य ऐकून आजीने स्वयंपाकात काय बिघडले अशी चौकशी केली, ती अनाठायी नव्हती. 'हिम, नॉट मी' या वाक्यावर तर आजोबांनी नातवाचे कौतुक केले होते, कारण त्याने 'मी' हा शब्द नाकारला असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात तो फुटलेल्या काचेविषयी बोलत होता.

सर्वनाम आणि सहायक क्रियापद यांचे एक जुने भांडण 'शॅल' व 'विल' यांचे आहे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने 1653 साली छापलेल्या आपल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात नियम सांगितला की प्रथमपुरुषात 'शॅल' नुसते भविष्य दाखवते आणि 'विल' निश्चय, तर द्वितीय व तृतीयपुरुषात नेमके उलटे. यावरून बुडणाऱ्या परदेशी माणसाचा जुना विनोद आहे: त्याला म्हणायचे होते, 'मी बुडणार, कोणी वाचवणार नाही', पण विल आणि शॅल यांची अदलाबदल झाल्याने काठावरच्या लोकांनी 'मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवाल तर' असे ऐकले आणि सभ्यपणे त्याच्या इच्छेचा मान राखला. आज इंग्लंडात बहुतेक ठिकाणी 'विल'नेच भागते, परंतु शाळेत हा नियम घोकलेल्या आजोबांनी तो पाळायला हरकत नाही. फक्त पोहायला जाऊ नये.

'आय वुड लव्ह टु कम, बट' या वाक्याबद्दल इशारा देणे आवश्यक आहे. यातील पहिला भाग केवळ वेष्टन असून माल 'बट'नंतर असतो. बीडकडे हेच काम 'बघू' या दोन अक्षरांत होते.

राहिला आजीचा राग. मार्गशीर्षातील योगेश्वरीच्या उत्सवासाठी सर्वांची तिकिटे काढली तेव्हा नातू 'आम्ही देवीला जाऊ' असे म्हणाला आणि आजीला वगळल्यासारखे वाटले. इंग्रजी 'वी'च्या पोटात 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही मावतात, ऐकणाराही त्यात आहे की नाही हे ती भाषा विचारत नाही, एवढेच त्याचे कारण.

कळावे, लोभ असावा.

ता. क. मागील पत्रात येसर या आमटीत घालायच्या मसालेदार पिठाबद्दल 'येसर पाठवायला नको' असे लिहिले गेले होते. मराठी 'नको'त गरज नसणे आणि मनाई असणे हे दोन्ही अर्थ बसतात, इंग्रजीत मात्र त्यासाठी 'नीडन्ट' आणि 'मस्टन्ट' असे दोन निराळे शब्द आहेत. ते वाक्य 'नीडन्ट' या अर्थाने लिहिलेले होते. डबा संपला आहे.