आता कान कुणाचा पिळायचा?

(गाडीच्या डॅशबोर्डवरची बटणं नाहीशी करणाऱ्या साहेबांना खुलं पत्र)

माननीय साहेब,

सा. न. वि. वि.

आपलं नाव मला ठाऊक नाही, हुद्दाही नाही. कुठल्याशा गार खोलीत बसून आपण आमच्या नव्या गाडीचा डॅशबोर्ड आखलात, एवढंच माहीत आहे. त्या खोलीचा एसी मात्र भिंतीवरच्या बटणाने नाहीतर रिमोटने चालत असणार, यावर मी पैज लावायला तयार आहे.

गेल्या दसऱ्याला गाडी घेतली. हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. शोरूममधल्या मुलाने किल्ली देताना गाडी समजावून सांगितली, पाऊण तास. त्यात इंजिनाबद्दल एक वाक्य होतं. बाकी सगळा वेळ पडद्याला. आई मागच्या सीटवर पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, ‘‘यात वारं कमी कुठे करायचं?’’ मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘‘सोपं आहे आजी, फक्त तीन टॅप.’’ आई माझ्याकडे वळली, ‘‘गाडीत नळ कशाला रे?’’

साहेब, तिचं हसण्यावारी नेऊ नका. नळाला निदान चावी असते.

आमची जुनी गाडी आम्ही चौदा वर्षं वापरली. तिच्या डॅशबोर्डवर तीन गोल नॉब होते. डावा पंख्याचा, मधला वाऱ्याच्या दिशेचा, उजवा गार-गरमचा. पंख्याचा नॉब फिरवला की ‘कट्’ व्हायचं. दोनदा कट् म्हणजे दोन नंबर. नंतर नंतर तर आकड्यांचा रंग उडाला, निळ्या-लाल पट्ट्या पुसल्या गेल्या, पण कुणाचं काही अडलं नाही. डोळे रस्त्यावर, तोंड गप्पांत आणि हात परस्पर नॉबवर. पूर्वी घरी रेडिओचा कान पिळायचो, तसाच गाडीचा. आपण गाडीचे सगळे कान कापलेत आणि त्या जागी दहा इंची काळी काच बसवलीत. आता कान कुणाचा पिळायचा? आपला हाताला लागत नाही, म्हणून हे पत्र.

जुनं ते सगळं सोनं, असा माझा दावा नाही. काकांची फियाट होती. थंडीच्या दिवसांत सकाळी चोकची मूठ ओढायची, मग सेल्फ मारायचा. चोक लगेच आत ढकलला तर गाडी बंद, ढकलायला विसरलो तर पेट्रोल नुसतं जळणार. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. ओळखीच्या एका कंत्राटदाराची जीप होती, तिच्यात डिपरचं बटण डाव्या पायापाशी. क्लच आणि डिपर दोन्ही त्याच पायाने, म्हणजे रात्री समोरून ट्रक आला की ड्रायव्हर तबलजीसारखा दिसायचा. पुढे मारुती ८०० आली आणि हवेसाठी इकडून तिकडे सरकवायच्या दांड्या आल्या. त्या घट्ट व्हायच्या, टोकाची टोपणं निघून हातात यायची. पण एक होतं. एकदा हाताला कळलं, की कायमचं कळलं. गाडी विकली तरी बोटं ते विसरत नसत.

सीटशेजारच्या दांड्यांचं गाऱ्हाणंही याच खात्यातलं. पेट्रोलच्या झाकणाची आणि डिकीची दांडी शेजारीशेजारी, बॉनेटची समोर गुडघ्यापाशी. पंपावरचा पोरगा खिडकीवर टकटक करून ‘झाकण’ म्हणतो, आपण रुबाबात काहीतरी ओढतो आणि मागे डिकी उघडते. सामानातली लोणच्याची बरणी सगळ्या रांगेला दिसते. दुसऱ्या खेपेला पुढे बॉनेट ‘ठक्’ करतं. तिसऱ्यांदा झाकण. पण हाही त्रास तीन दांड्यांचाच होता, पंचेचाळीस चित्रांचा नव्हता.

तशीच गंमत युरोपी घराण्याच्या गाड्यांची. आपल्या नेहमीच्या गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला, त्यांच्यात डाव्या. मेव्हण्याची गाडी एकदा चालवायला घेतली. कर्वे रस्त्यावर भर उन्हात उजवीकडे वळताना मी वायपर चालू केले. मागचा रिक्षावाला बाजूला येऊन म्हणाला, ‘‘काका, पाऊस थांबला.’’

आणि याच डॅशबोर्डवर केवढी शहाणी माणसं राबून गेलीत, तेही सांगायला हवं. पेट्रोलच्या काट्याजवळ पंपाचं छोटं चित्र असतं आणि त्याच्या शेजारी एक इवलासा बाण. टाकीचं झाकण गाडीच्या ज्या अंगाला, त्या अंगाला बाणाचं टोक. ही कल्पना फोर्ड कंपनीतल्या जिम मॉयलन यांची. १९८६ मध्ये पावसात कंपनीच्या गाडीत पेट्रोल भरायला गेले, झाकण नेमकं पलीकडच्या अंगाला निघालं. परत येऊन त्यांनी लगेच तशी सूचना लिहून दिली आणि काही वर्षांत तो बाण गाड्यांत दिसू लागला. खर्च जवळजवळ शून्य, जागा तिळाएवढी, शिकवणी नको. साहेब, आपल्या पडद्याची किंमत मला ठाऊक नाही. पण त्या बाणाएवढं काम त्याने अजून केलेलं नाही.

आता मुख्य तक्रार. ती ताम्हिणीत झाली.

जुलै महिना. माणगावला लग्नाच्या बोलणीसाठी निघालो होतो. गाडीत आम्ही चौघं, दोन ओल्या छत्र्या, एक ओली सतरंजी. मुळशी मागे पडली, घाट लागला आणि समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली. कारण साधं आहे. चौघांचे श्वास, ओले कपडे आणि बाहेरची हवा आत येऊ न देण्याची सोय चालू. आतला दमटपणा जाणार कुठे? तो काचेवर बसतो. उपायही साधा : एसी चालू, बाहेरची हवा आत, झोत काचेवर. जुन्या गाडीत यासाठी मधला नॉब सगळा उजवीकडे फिरवायचा, बस्स.

नव्या गाडीत मी पडद्यावर पंख्याचं चित्र दाबलं. पडदा म्हणाला, थांबा. गाडी खड्ड्यात गेली, बोट दोन सुतं सरकलं आणि सीट गार व्हायला लागली. पुन्हा दाबलं. पुन्हा खड्डा. या खेपेला फोनची यादी उघडली आणि नाशिकच्या आत्यांना फोन लागला. गाडीभर आत्यांचा आवाज. ‘‘अगं बाई, पोचलात पण?’’ समोर दहा फुटांवर काही दिसत नाही, डाव्या अंगाला दरी आणि आत्या विचारतात, मुलगी रंगाने कशी आहे. बायकोने माझा हात बाजूला सारला, सीटखालचं पिवळं फडकं काढलं आणि काच पुसली. गाडीतली त्या दिवशी चाललेली एकमेव यंत्रणा ती.

साहेब, हा खड्ड्याचा मुद्दा आपल्या लक्षात आला नसावा. नॉब धरता येतो. गाडी हादरली तर हातही हादरतो, पण बोटं नॉबला धरून असतात. काचेवर धरायला काय आहे? बोट हवेत, हात हवेत, आणि नेम धरायचा तो हलत्या गाडीतून बोटभर चौकोनावर. शिवाय आपली काच बोटातली वीज ओळखते म्हणे. बोट ओलं असलं की तिचा गोंधळ उडतो. पावसाळ्यात ओलं नसलेलं बोट आम्ही आणायचं कुठून?

ताशी साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते. पडद्यावर तीन सेकंद पाहिलं, तर पन्नास मीटर आपण डोळे मिटून चाललो. हे माझं घरगुती गणित. पण २०२२ मध्ये ‘व्ही बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने हेच विमानाच्या धावपट्टीवर करून पाहिलं. ताशी ११० किलोमीटर वेग, बारा गाड्या आणि रोजची कामं : तापमान वाढवणं, रेडिओवर ठरावीक स्टेशन लावणं, असली. चालकांना सरावाला वेळही दिला होता. सतरा वर्षांच्या जुन्या, बटणांच्या व्होल्व्होत सगळं दहा सेकंदांत आटोपलं, गाडी तोवर ३०६ मीटर गेली. शेवटच्या नंबराच्या पडदेवाल्या गाडीला ४४.९ सेकंद लागले. अंतर १,३७२ मीटर. म्हणजे डेक्कनला पंखा वाढवायला घ्यावा आणि तो शनिवारवाड्याच्या आसपास वाढावा.

नाइलाज होता, असं म्हणाल. थोडा असेलही. अमेरिकेत २०१८ पासून प्रत्येक नव्या गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला, म्हणजे पडदा आलाच. पडदा आहेच, तर चाळीस बटणांचे साचे आणि चाळीस वायरी कशाला, असं कुणा हिशेबनिसाला सुचलं असणार. तेवढे पैसे वाचले आणि वर त्याला ‘प्रीमियम’ म्हणता आलं. आमच्याकडे घरातली भांडी विकून पाहुण्यांना पत्रावळीवर वाढलं आणि वर ‘हे आधुनिक आहे’ असं सांगितलं, तर पाहुणे काय म्हणतील, ते इथे लिहिता येत नाही.

आणि आधुनिक तरी कसलं? १९८६ च्या ब्युइक रिव्हिएरात बोटाने चालणारा पडदा होता, जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा. लोक वैतागले आणि १९९० च्या मॉडेलमध्ये बटणं परत आली. म्हणजे आमची आपल्याबद्दलची तक्रार आपल्या पडद्यापेक्षा जुनी आहे.

थोडं गंभीर बोलतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची ‘जॉन एस. मॅकेन’ ही विनाशिका एका तेलवाहू जहाजाला धडकली. दहा नौसैनिक गेले. चौकशीत निघालेल्या कारणांत, सुकाणू आणि वेग यांचं नियंत्रण पडद्यावर नेल्यामुळे उडालेला गोंधळही होता. दोन वर्षांनी नौदलाने अशा विनाशिकांवर हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. ज्यांच्याकडे पैशाला तोटा नाही, त्यांनाही शेवटी दांडा लागतो.

एका गोष्टीबद्दल मात्र आपले मनापासून आभार. हॉर्न आपण पडद्यात घातला नाहीत. घातला असतात, तर भारतात आपला एक नग खपला नसता. लाल त्रिकोणाचं हॅझर्डचं बटणही बाहेर ठेवलंत. ते आम्ही चौकात ‘सरळ जायचंय’ हे सांगायला वापरतो, हा आमचा दोष, आपला नाही. ताशी ऐंशी ओलांडले की गाडी टुणटुणते आणि एकशेवीसनंतर थांबतच नाही, तेही २०१९ च्या सरकारी नियमाने. त्याबद्दल आपल्याला बोल लावणार नाही. आई तर त्या आवाजाला ‘सूनबाई’ म्हणते, कारण तो ऐकून मी खरोखर हळू होतो.

आवाजाने हुकूम द्यायची सोयही आहे, हे आपण आठवण करून द्याल. द्या. मी एकदा शुद्ध मराठीत सांगितलं, ‘‘गार कमी कर.’’ गाडीने किशोरकुमार लावला. गाणं चांगलं होतं म्हणून राहू दिलं, पण थंडी वाजतच होती.

आता विनंती. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची कळ यांना हाताला लागणारं स्वतंत्र बटण किंवा दांडी नसेल, तर गुण कापायचं ठरवलं आहे. फोक्सवॅगननेही आवाजाची आणि पंख्याची बटणं परत आणायचं जाहीर केलंय. वारं फिरलं आहे, साहेब. (हे वारं कुठल्या मेन्यूतून फिरवलं, ते विचारू नका.) आपणही बघा.

मला चाळीस बटणं नकोत. पडदा काढा, असंही म्हणत नाही. नकाशा आणि मागचा कॅमेरा त्यावर छान दिसतो. मला तीन नॉब द्या. एक पंख्याचा, एक गार-गरमचा, एक आवाजाचा. काचेवरची वाफ घालवायला एक उठावाचं बटण, न बघता बोटाला समजेल असं. मॅट आणि मडफ्लॅपचे पैसे तुमचे डीलर वेगळे लावतातच. त्याच यादीत ‘नॉब, नग ३’ अशी ओळ घाला. भाव कळवा. घासाघीस करणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पिवळं फडकंधारक एक ग्राहक

ता. क. : फडकं आता सीटखाली नाही, पडद्याच्या समोरच असतं. पडद्यावरचे बोटांचे ठसे पुसायलाही तेच लागतं.