परक्याच्या विक्रमाचे राखणदार

न्यू जर्सीतलं आमचं कुंपण जेमतेम कमरेएवढं. पलीकडे मावशींची मेथी, अलीकडे माझे टोमॅटो. मावशी यांकीजच्या कट्टर भक्त. बेसबॉलमधली बातमी त्यांच्याकडे भावकीतल्या भानगडीसारखी येते.

"मावशी, होमरन म्हणजे आपला सिक्सरच ना?"

"तसंच धर. चेंडू थेट प्रेक्षकांत धाडायचा आणि चारही बेस निवांत फिरून यायचं. पण खरी मजा मारणाऱ्यांत नाही गं, दुसऱ्याच्या विक्रमावर पहारा देणाऱ्यांत आहे. बेब रूथचे १९२७ सालचे ६० होमरन घे. १९६१ला यांकीजचेच दोघे, मँटल आणि मॅरिस, त्यामागे लागले. लोकांचा लाडका मँटल, आणि पुढे सरकला तो घुम्या मॅरिस! ताणाने त्याचे केस पुंजक्या-पुंजक्याने गळायला लागले."

"अगं बाई!"

"त्यात बेसबॉलचा कमिशनर फोर्ड फ्रिक याने भर मोसमात फतवा काढला. रूथच्या वेळी सामने १५४, यंदा १६२. तेव्हा १५४च्या आत मोडला तर मोडला, नाहीतर नोंद वेगळी."

"नियमाला धरूनच आहे की."

"कसला नियम! हा फ्रिक आधी वार्ताहर. रूथच्या नावाने छापून यायचे ते लेख हाच लिहून द्यायचा! घरचाच माणूस पंच झाला म्हण ना. मॅरिसने अगदी शेवटच्या सामन्यात ६१वा मारला, तो वेगळ्या ओळीत पडला. ती ओळ पुसली १९९१ला. मॅरिस बिचारा १९८५लाच गेला."

"आणि ते आरन?"

"त्याचं तर विचारूच नकोस. रूथचे कारकिर्दीतले ७१४. हँक आरनचा १९७३चा मोसम संपला ७१३वर. काळा माणूस रूथच्या पुढे जाणार म्हणून अख्खा हिवाळा जिवे मारायच्या धमक्यांची पत्रं! ८ एप्रिल १९७४ला अटलांटात त्याने ७१५वा मारला, तर दोन पोरं मैदानात घुसून त्याच्याबरोबर धावायला लागली, पाठ थोपटत. राखणीचा पोलीस प्रेक्षकांत, पिस्तूल दुर्बिणीच्या डबीत. त्या क्षणी त्याचं काय झालं असेल? आरन घरी, म्हणजे होम प्लेटला, पोचला तर आईने त्याला असं कवटाळलं की सोडेचना."

"कमिशनर होते ना तिथे?"

"बोवी कून? ते क्लीव्हलँडला जेवायला गेले होते!"

"अमेरिकेतच हे असलं."

"छे गं, जपानात जा. सादाहारू ओ यांचे १९६४चे ५५. १९८५ला रँडी बास नावाचा अमेरिकन ५४वर आला. शेवटी गाठ जायंट्सशी, आणि त्यांचे व्यवस्थापक कोण? स्वतः ओ! गोलंदाज चेंडू टाकतायत ते बॅट पोचणार नाही असे, लांब. २००१ला टफी ऱ्होड्स ५५वर, पुन्हा समोर ओंचाच संघ, पुन्हा तेच. त्यांचा एक प्रशिक्षक तर उघड म्हणाला, परदेशी माणसाने ओंचा विक्रम मोडलेला बघवत नाही. ओ म्हणाले, मी सांगितलं नव्हतं."

"नसेलही सांगितलं."

"नसेलच. कारण ओंचे वडील चिनी. शाळेत असताना हाच मुलगा जपानी नाही म्हणून राष्ट्रीय क्रीडा महोत्सवातून वगळला होता! पुढे ८६८ होमरन मारले आणि तोच आपला झाला. २०१३ला बालेंटिनने ६० मारून तो ५५चा पहारा एकदाचा उठवला."

"पण मावशी, बॅरी बाँड्सच्या बाबतीत पहारा हवाच होता. उत्तेजक औषधांचा केवढा संशय!"

"संशय दाट आहे, नाही कोण म्हणतं? एका मोसमात ७३, एकूण ७६२. आरनच्या पुढे नेणारा ७५६वा चेंडू एका फॅशनवाल्याने साडेसात लाख डॉलरला घेतला आणि लोकांकडून मतं मागवली, याचं काय करू? लोक म्हणाले, चांदणी कोर त्यावर, म्हणजे विक्रमावर शंका आहे हे कळेल. कोरली, आणि चेंडू दिला दिग्गज खेळाडूंच्या संग्रहालयाला, कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमला."

"आणि बाँड्स?"

"त्याला अजून निवडलेलं नाही. चेंडू आत, माणूस बाहेर! मारणाऱ्याला ठेवायचं दारात आणि मारलेलं मात्र कपाटात, असा न्याय आपल्या भावकीत तरी पाहिलायस का?"