खुंटी निर्दोष हाय

(गणपतीचे दिवस. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या एका बोळातलं तंतुवाद्य दुरुस्तीचं दुकान. कारागीर मूळचा मिरजेचा, सतारमेकर गल्लीतला. गिटारवाला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, केस चौथ्या वर्षाचे.)

गिटारवाला : चाचा, ह्या जुन्या खुंट्या काढा आन् ह्या बसवा. लॉकिंग ट्यूनर हाईत. सात वाजता मंडळासमोर प्रोग्रॅम हाय.

कारागीर : जुन्यांनी काय घोडं मारलंय?

गिटारवाला : लै सरकत्यात. एका गाण्यात गिटार बेसूर. काल गायक माईकवरनंच म्हणाला, "आधी सूर लाव, मग केस उडव."

कारागीर : सरकत्यात म्हंजे सूर उतरतो?

गिटारवाला : तार बोटानं ओढून सोडली, म्हंजे बेंड केला, की उतरतो. आन् ही ट्रेमोलोची दांडी दाबून सोडली की चढतो.

कारागीर : चढतो? मग खुंटी निर्दोष हाय.

गिटारवाला : केस चालवायच्या आधीच निकाल?

कारागीर : सरकलेली खुंटी तार सैल सोडती. सैल तार उतरणारच. आपण होऊन तार ताणणारी खुंटी मी अजून बघितली न्हाई. तसली असती तर मी दुकान तिच्यावर सोपवून घरी झोपलो असतो.

गिटारवाला : पण ह्या नव्यांत अठराला एक गिअर हाय. बटन अठरा वेळा फिरवायचं, तवा तार गुंडाळणारा खांब एकदा फिरतो.

कारागीर : तोवर मिरजेची एसटी सुटंल की! बारकाईनं सूर लावायला चांगलं हाय ते. पण तुझ्या जुन्यातबी मळसूत्री दांडा हाय. तो चाकाला फिरवतो, चाक त्याला फिरवत न्हाई. खांबाकडनं कितीबी ओढ, बटन हलत न्हाई. आमची खुंटी बघ. नुसतं लाकूड, भोकात घट्ट बसलेलं. सैल झाली तर खडू लावायचा. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादियाखाँसाहेब गायचे तवा मागचे तानपुरे असल्याच खुंट्यांवर होते.

गिटारवाला : त्यांनी बेंड मारले नव्हते.

कारागीर : त्यांनी गळ्यातनं मारले. बरं, सूर लावताना मधीच "टिंग" वाजतंय काय? बटन फिरवलं तरी सूर जागचा हलत न्हाई, आन् मग एकदम उडी मारतो?

गिटारवाला : रोज! मला वाटलं, तो ह्या गिटारचा स्वभाव हाय.

कारागीर : ती तार खाचेतनं सुटल्याचा आवाज हाय. ह्या नटमधी, म्हंजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, अडकतीय. ओढलीस की खुंटीकडची थोडी तार घोडीकडं येती. सोडल्यावर माघारी जाईना, म्हणून सूर उतरतो. दांडी दाबलीस की तार सैल पडून खुंटीकडं सरकती आन् तिकडंच अडकती, म्हणून चढतो. तारा कवा बदलल्या?

गिटारवाला : गेल्या महिन्यात. नऊचा सेट काढून दहाचा घातला. आवाज जाड येतो म्हणत्यात.

कारागीर : पहिली तार नऊची, म्हंजे इंचाचा हजारावा भाग नऊ वेळा. खाच तेवढ्याच मापाची. त्यात तू दहाची घातलीस. बाकीच्या पाचबी जाड आल्या. आन् दोष खुंटीला! बरं, हे डोक्यावरचं पत्र्याचं चिमटं कशाला?

गिटारवाला : स्ट्रिंग ट्री. फेंडर कंपनीनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर गिटार काढली, तिचं डोकं मानेला सरळ. बारक्या तारा खाचेत नीट दाबून बसत न्हाईत, म्हणून वरनं हे दाबतंय. गिब्सन कंपनीच्या गिटारचं डोकं मागं कललेलं, तिथं चिमटा लागत न्हाई.

कारागीर : मग कललेलंच सगळ्यांनी का करू न्हाई?

गिटारवाला : पडली की तिथंच मोडती. शिवाय तिकडं तीन खुंट्या ह्या बाजूला, तीन त्या बाजूला. मधल्या तारा नटमधनं निघून आडव्या वळत्यात आन् खाचेच्या कडेला घासत्यात.

कारागीर : म्हंजे दोघांचीबी अडचण एकच. तुझ्या चिमट्याला खालनं धार आलीया, ती घासून गुळगुळीत करतो. आन् हे काय? खुंटीला कोल्हापुरी फेटा बांधलायस?

गिटारवाला : आठ वेढे हाईत. जास्त वेढे, जास्त पकड.

कारागीर : जास्त वेढे, जास्त ढिलाई! प्रत्येक वेढा ताण आला की आवळतो, आन् सूर उतरतो. दोन-तीन बास, एकाखाली एक, वरनं खाली. (बारीक कानस काढतो.) खाच रुंद करायची, खोल न्हाई. खोल गेली तर मोकळी तार पहिल्या पडद्याला घासून करकरणार.

गिटारवाला : तुमचा तानपुरा तर करकरतोच की.

कारागीर : ती जवारी! घोडी तासून, वर तारेखाली सुताचा धागा सरकवून आणावी लागती. तुमच्यात करकर काढायचे पैसे घेत्यात, आमच्यात घालायचे. (खाचेत पेन्सिल फिरवतो.)

गिटारवाला : पेन्सिल? एवढंच?

कारागीर : शिसं न्हवं, ग्राफाइट हाय ते. तार घसरती.

गिटारवाला : न्हाई जमलं तर फ्लॉइड रोझची ट्रेमोलो घोडी बसवतो. त्यात नटवरच तारा स्क्रूनं आवळायच्या. मग खुंट्यांचा संबंधच संपला. बारीक सूर घोडीवरच्या स्क्रूंनी लावायचा. तारा आवळायच्या युक्तीचं पेटंट फ्लॉइड रोझला १९७९ मध्ये मिळालं.

कारागीर : घोडीकडं बारीक सूर? (तानपुऱ्याचा मणी सरकवतो. सूर केसभर चढतो.) हे काय हाय मग?

गिटारवाला : ...मणी.

कारागीर : आमच्या आज्यालाबी पेटंट सुचायला पाहिजे हुतं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं २०२४ मध्ये. तोवर मणी बिनपरवाना सरकत हुता. हां, वाजव आता.

गिटारवाला : (तार ओढतो, सोडतो. दांडी दाबतो, सोडतो.) चाचा! सूर जाग्यावर! लै भारी!

कारागीर : परत बेंड कर. पुढच्या सुरापर्यंत ने.

गिटारवाला : नेला.

कारागीर : न्हाई पोचला. थोडा खालीच राहिला.

गिटारवाला : ती खुंटी...

कारागीर : खुंटीचं नाव काढू नकोस. खाच मोकळी, चिमटा गुळगुळीत, वेढे तीन. आता संशयित एकच उरलाय, आन् त्याला मंडळानं सातला बोलावलंय.

गिटारवाला : मग हे लॉकिंग ट्यूनर परत देऊ?

कारागीर : कशाला? वस्तू चांगली हाय. तार भोकात घालायची, आवळायची, तोडायची. वेढ्यांची भानगडच न्हाई. तारा बदलायचा निम्मा वेळ वाचतो.

गिटारवाला : आन् वाचलेल्या वेळात काय करू?

कारागीर : बेंड.