दोन फितींचा माणूस

नवरात्र जवळ आलं की माहूरच्या वाटेवर नेते उगवतात. 'युवा नेतृत्व', 'भावी अमुक', डोक्यावर रेणुकामातेचा फोटो आणि पायाशी गॉगलवाले शुभेच्छुक. आपल्याकडे नेता व्हायला एक वाढदिवस आणि एक फ्लेक्स पुरतो.

लष्करात तेवढ्यावर भागत नाही. तिथं लान्स नाईकच्या बाहीवर एक फीत, नाईकच्या दोन, हवालदाराच्या तीन. त्या चढायच्या तर आधी केडर, म्हणजे बढतीसाठीचं प्रशिक्षण, करावं लागतं, परीक्षा पास व्हावी लागते. बेळगावात इन्फंट्री स्कूलची ज्युनियर लीडर्स विंग आहे. दहाएक जवानांची सेक्शन कशी चालवायची, हे तिथं घाम गाळून शिकवतात. कालपर्यंत ज्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलो, त्याला आज पहाऱ्यावर धाडायचं. दोस्ती तुटू द्यायची नाही आणि हुकूमही मोडू द्यायचा नाही. ही कसरत भाषणातून येत नाही.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे असेच नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत सेक्शन घेऊन पुढे निघाले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्याखेरीज सगळे ठार तरी झाले किंवा जखमी. हुकूम द्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते एकटेच धावून गेले, मशीनगन बंद पाडली आणि शत्रूच्या गोळ्यांनी कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्याकडे सभेत चार खुर्च्या उडाल्या की साहेब आधी गाडीत!

आणि असा तयार झालेला हवालदार चाळिशीच्या आगेमागे घरी आला की आपण त्याला काय देतो? एटीएमबाहेरची प्लास्टिकची खुर्ची. इकडे नवरात्रात माहूरच्या गडावर गर्दी दाटते तेव्हा बिल्ला लावलेला जो तो शिट्टी फुंकतो. हुकूम सोडणारे सतरा, ऐकणारा कुणी नाही.

माजी सैनिकांची नोंद नांदेडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते. यंदा यात्रेच्या नियोजनाच्या बैठकीला त्यांना बोलवा. स्वयंसेवकांच्या दहा-दहाच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीवर एक निवृत्त नाईक नाहीतर हवालदार नेमा, मानधन देऊन. हुकूम कसा द्यायचा, हे त्यांना शिकवावं लागणार नाही. तो ऐकायचा कसा, एवढं मात्र आपल्याला शिकावं लागेल.